वाहन उद्धरण
वाहन उद्धरण : चिखल, वाळू, गाळ किंवा ओलसर शेतजमीन यांत रुतून स्वतःच्या शक्तीने पुढे वा मागे जाऊ न शकणारे वाहन सुरक्षितपणे बाहेर काढण्याच्या क्रियेला ‘वाहन उद्धरण’ म्हणतात. लष्करी वाहने, जंगलखाते व बांधकाम यांत हे एक स्वतंत्र तंत्र मानले जाते. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ते बहुधा अनुभवावर व जमेल त्या साधनांवर चालते. त्यामुळे रुतण्यापेक्षा रुतलेले वाहन काढतानाच अधिक गंभीर अपघात होतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके या दृष्टीने बोलके उदाहरण आहेत. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत असून तेथे वर्षाकाठी सरासरी सु. ५० सेंमी. पाऊस पडतो, तेव्हा चिखल ही तेथील मोठी अडचण असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या काठांवर खोल काळी जमीन आहे, आणि कालव्यांच्या व उपसा सिंचनाच्या पाण्याने ती पावसाळ्यानंतरही ओली राहते. पाटस येथील भीमा व न्हावरे येथील घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांमुळे या भागात उसाची वाहतूक वाढली. गळीत हंगाम सुरू होतो तो परतीच्या पावसानंतर, म्हणजे शेत पुरते वाळलेले नसतानाच. तोडलेला ऊस थांबवून ठेवला की त्यातील साखर व वजन घटते. या घाईतच ट्रॉली रुतते आणि धोकेही याच घाईत पत्करले जातात.

काळ्या मृदेत माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण बरेच असते. ते पाणी शोषून फुगते व मृदेचे कर्तनबल, म्हणजे थर एकमेकांवरून घसरण्यास होणारा विरोध, झपाट्याने कमी होते. चिकट माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत होतो. शिवाय ही जमीन वरून आधी वाळते. भेगाळलेल्या कवचाखाली ओल टिकून असते. उजनी जलाशयाच्या फुगवट्यालगत पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ याच कारणाने फसवा असतो. नदीपात्रातील सुट्या वाळूत प्रकार वेगळा असतो : तेथे फिरते चाक स्वतःखालील वाळू मागे उपसून खड्डा खोल करीत जाते.

वाहनाच्या आसावरील विभेदी दंतचक्र, म्हणजे चालकांच्या बोलीतील ‘डिफरन्शियल’, दोन्ही चाकांना सारखीच पीळ पुरविते. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरील चाकालाही तेवढीच अल्प पीळ मिळते. म्हणून वेग वाढवून गाडी निघेल हा समज चुकीचा आहे. त्याने चाके आसापर्यंत खाली जातात एवढेच. ट्रॅक्टरवर विभेदी कुलूप असते. ते नसल्यास निसटत्या चाकाचा स्वतंत्र ब्रेक हलकेच दाबून पीळ दुसऱ्या चाकाकडे वळविता येते.

किती ओढ लागेल याचा अंदाज आधी करावा. लष्करी व्यवहारातील ठोकताळ्यानुसार चाकांइतके खोल रुतलेल्या वाहनास त्याच्या वजनाइतकी, तर चिखलरक्षकापर्यंत रुतलेल्यास दुप्पट ओढ लागते. भरलेली ट्रॉली ८ टनांची धरल्यास ८ टन ओढ हवी; उलट, २ टन वजनाच्या ट्रॅक्टरला ओल्या मातीत स्वतःच्या वजनाच्या जेमतेम निम्मी ओढ देता येते. हा हिशेब पाहता ऊस उतरविणे हाच खरा उपाय ठरतो. तो कष्टाचा व वेळखाऊ असल्याने टाळला जातो आणि एकापुढे एक दोन-तीन ट्रॅक्टर जोडले जातात. अशा वेळी ट्रॉलीलगतच्या साखळीवर सर्वांची मिळून ओढ येते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

खोदकामाने ही ओढ पुष्कळ कमी होते. चाकांपुढील माती फावड्याने उतरती काढावी, आसाखाली साचलेला चिखल मोकळा करावा आणि चाकाखाली पाचट, बाभळीच्या फांद्या, मुरूम किंवा फळ्या घालाव्यात. बहुतेक वेळा आलेल्या चाकोरीनेच मागे निघणे सोपे जाते. वाळूत मोटारीच्या टायरमधील हवा दर चौ. सेंमी.ला २ किग्रॅ.वरून सु. १.२ किग्रॅ.पर्यंत उतरविली, तर टायरचा जमिनीशी स्पर्श लांबतो व भार पसरतो. जॅक लावताना त्याखाली रुंद फळी ठेवावी. जॅकवर तोललेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये. धुरांडे चिखलात बुडाले असल्यास एंजिन चालू ठेवून आत बसणे कार्बन मोनॉक्साइडमुळे घातक ठरते.

दोर व साखळी : ताणलेल्या पोलादी दोरात मोठी ऊर्जा साठलेली असते, तो तुटला किंवा आकडा निसटला तर त्याचा फटका प्राणघातक असतो. म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर थांबवावे व दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा ओली पोती टाकावीत. दोर ओलांडू नये. साखळीस ताण नसतो म्हणून झटका देऊन ओढण्याची रीत विशेष वाईट. झटका केवळ त्यासाठीच बनविलेल्या, ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोराने द्यावा. दोन टोकांस बांधून ओढताना दोरांमधील कोन लहान राखावा; तो १२०° झाला की प्रत्येक दोरावर संपूर्ण ओढीइतका ताण येतो. चल कप्पी वापरल्यास ओढ दुप्पट होते, वेग निम्मा होतो.

ट्रॅक्टर मागे उलटणे हा या कामातील सर्वांत भयंकर अपघात होय. मागची चाके अडकून फिरेनाशी झाली की आसावरील पीळ ट्रॅक्टरचे पुढचे धूडच वर उचलते, आणि चालकाला क्लच दाबण्याइतकाही अवधी मिळत नाही. दोर आसाच्या वर बांधल्यास हे अधिकच लवकर घडते. तो नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावा. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना लाकूड बांधून पुढे जाण्याचा प्रयोग शेतकरी करतात; लाकूड रुतून चाक थांबते व ट्रॅक्टर उलटतो. त्याऐवजी उलट्या गतीने मागे यावे, कारण त्यात पुढचा भाग खाली दाबला जातो.

पूर्वी बैलगाडी रुतली की जादा जोड्या जुंपीत. बैल सतत देऊ शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या सु. एक दशांशच असते, पण क्षणभर तो तिच्या कितीतरी पट जोर लावतो आणि गाडी न हलल्यास आपोआप थांबतो. यंत्र थांबत नाही.

वाहत्या पाण्यात अडकलेल्या वाहनाबाबत नियम निराळे आहेत. सु. ३० सेंमी. खोल प्रवाह लहान मोटार तरंगवू शकतो. तेव्हा आधी माणसे बाहेर काढावीत, वाहनाचा विचार पाणी उतरल्यावर करावा. बाहेर आलेल्या वाहनाचे ब्रेक ओले असतात, म्हणून ते सावकाश चालवून अधूनमधून ब्रेक दाबून वाळवावेत, उतरविलेली हवा पुन्हा भरावी व सुकाणूचे सांधे पाहावेत. टायरमधील चिखल शेतातच काढावा; पुणे–सोलापूर महामार्गावर सांडलेली काळी माती दवाने ओली झाली की मागून येणाऱ्या दुचाकी तिच्यावरून घसरतात.