अंदमानची सहल : आधी दिवस आखा, मग पिशवी भरा

मंडळी, अंदमान म्हटले की आपल्या मराठी माणसाला पहिल्याने आठवते ते काळे पाणी. आपल्या पणजोबांच्या काळी तिकडे गेलेला माणूस परत यायचा नाही, अशीच लोकांची समजूत होती. आज चेन्नईहून विमानात बसले तर दोन-सव्वादोन तासांत तिकडे उतरता येते आणि जहाजाने निघाले तर तीनएक दिवसांत पोहोचता येते. त्यामुळे सुगी उरकली की चार कुटुंबे मिळून, किंवा शाळेतली शिक्षक मंडळी मिळून तिकडे निघतात. जन्मात बहुधा एकदाच घडणारी ही सहल. पदरचे पैसे साठवून केलेली. मग परत आल्यावर पाहावे तो निम्मी छायाचित्रे धुरकट, सूर्यास्ताला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी, असे होऊ नये. म्हणून दोन गोष्टींचा विचार आज आपण करू. दिवस कसा आखायचा ही पहिली आणि कॅमेऱ्याची पिशवी कशी भरायची ही दुसरी. हा क्रम मात्र उलटा करायचा नाही.

प्रथम सूर्याचे पाहू. आपल्या सबंध देशाचे घड्याळ एकच आहे. ते ८२॥ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. रत्नागिरी आहे सुमारे ७३ अंशांवर आणि अंदमानची राजधानी सुमारे ९२॥। अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. साडेएकोणीस अंशांचा फरक म्हणजे ७८ मिनिटे झाली. याचा अर्थ असा, की डिसेंबर महिन्यात रत्नागिरीला सहा वाजून गेल्यावर सूर्य बुडतो, तर अंदमानात पाचच्या सुमारास बुडलेला असतो. उगवतोही तो तिकडे लवकर, पहाटे साडेपाचच्या आसपास. आपण घरच्या सवयीने नऊला न्याहारी करून बाहेर पडलो आणि दुपारी जेवून तासभर लवंडलो, तर दिवस हातचा गेलाच म्हणून समजा. तेव्हा तिकडे पहाटे चारला उठावे आणि रात्री नऊला झोपावे. शेतकऱ्याला हे काही नवे नाही. शहरच्या पाहुण्यांनाच ते जड जाते.

सूर्यानंतर पाऊस. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिकडे सुरू होतो. तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पाऊस येतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तळकोकणाइतका. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हे महिने धरावेत. या दिवसांतही वारा उठला की बेटाबेटांमधल्या बोटी कधी कधी रद्द होतात. एक नियम पक्का ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी राजधानीच्या बेटावरच मुक्काम असावा. लांबच्या बेटावर अडकून विमान चुकले, तर तो भुर्दंड मोठा असतो.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हे कोष्टक अंदमानात जसेच्या तसे चालत नाही, कारण भरतीचे पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेने पोहोचते. पण रोज पाऊण-पन्नास मिनिटांनी ती पुढे सरकते, हे मात्र तिकडेही खरे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी फार वर चढते आणि फार मागे हटते. अष्टमीच्या भांगाला हा फरक कमी असतो. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ती पाहायची तर ओहोटी साधावी लागते. भरतीला तिथवर चालतच जाता येत नाही. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या जागी किंवा एखाद्या होडीवाल्याला ओहोटीची वेळ विचारून घ्यावी आणि दुसरा दिवस तिच्याभोवती आखावा.

आता ठिकाणे. नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. रॉस बेटाचे नाव २०१८ साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. त्याच वेळी हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. पोर्ट ब्लेअर शहराला २०२४ साली श्री विजयपुरम हे नाव मिळाले. जुन्या पुस्तकांत जुनी नावे आढळतील.

पहिला दिवस सेल्युलर जेलला द्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला हा तुरुंग. मधोमध एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, असा त्याचा घाट होता. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल, अशी रचना केली होती, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसायचा नाही. बरॅक नाहीतच. प्रत्येकाला एकेक खोली, आणि त्यावरूनच तुरुंगाचे नाव पडले. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात इथे होते. त्यांचे वडील बंधू बाबाराव हेही इथेच होते. बंगालचे बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त हेही इथलेच कैदी. १९७९ साली या वास्तूला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. इथे सकाळी जावे. ओसरीत तिरपे ऊन येते तेव्हा गजांच्या सावल्या जमिनीवर लांब पडतात आणि दारांची रांग किती लांब आहे, हे चित्रात उमटते. खोलीच्या आत अंधार असतो. फ्लॅश मारला तर भिंत पांढरी फटक पडते आणि तो अंधारच नाहीसा होतो. त्यापेक्षा कॅमेरा कठड्यावर टेकवावा, श्वास रोखावा आणि सावकाश चाप दाबावा.

स्वराज द्वीपावर राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, तेव्हा तो सूर्यास्तासाठी. काला पत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तो सूर्योदयासाठी. राधानगरला साडेतीनपर्यंत पोहोचलेच पाहिजे. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका असतो. तिथल्या पाट्या वाचाव्यात आणि जिथे मुभा आहे तेवढ्याच जागी पाण्यात उतरावे. पोवळ्यांचे खडक पाहायचे तर काचेच्या तळाच्या होड्या मिळतात, किंवा नळी तोंडात धरून पोहणाऱ्यांबरोबर जाता येते. पोवळे हे दगडासारखे दिसले तरी तो जिवंत प्राण्यांचा संसार आहे. त्यावर पाय ठेवू नये आणि ते उचलून तर मुळीच आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे, आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात.

एवढे ठरले की पिशवीकडे वळावे. पाहा, तुरुंगाच्या भिंती, दोन किनारे, थोडे पाणी, बरोबरची माणसे, एवढेच आपल्याला टिपायचे आहे. त्याला मण-दोन मण सामान लागत नाही. विमानात हातातले सामान साधारण ७ किलोपर्यंतच नेऊ देतात. एक कॅमेरा आणि त्याला एक भिंग, किंवा नुसता चांगला मोबाइल, एवढ्यात काम होते. बरोबर ध्रुवण गाळणी असली तर घ्यावी. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारी चकाकी ती अडवते. भिंगावर लावून हळूहळू फिरवली की एका ठिकाणी चकाकी विझते आणि पाण्याखालचा तळ दिसू लागतो. याशिवाय दोन बॅटऱ्या, दोन-तीन मेमरी कार्डे, धूळ उडवायची रबरी फुंकणी, सुती मऊ कापडाचे चार तुकडे, आणि तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायच्या. मोठ्या बॅगेत टाकून विमानाच्या पोटात पाठवायला बंदी आहे, कारण त्या तापून पेट घेऊ शकतात. ड्रोन परवानगीवाचून नेऊ नये.

कॅमेऱ्याचे तिकडे तीन शत्रू आहेत : दमटपणा, मीठ आणि वाळू.

उन्हाळ्यात थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो ना? हवेतली वाफ गार धातूवर जमते म्हणून तसे होते. वातानुकूलित खोलीत रात्रभर गार झालेला कॅमेरा सकाळी एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की त्याचाही तांब्या होतो. भिंग धुकटते, आणि आत पाणी जमले तर बिघाडही होतो. उपाय सोपा आहे. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणावा आणि अर्धा तास तसाच राहू द्यावा. पाणी जमेल ते पिशवीवर. सूर्योदयाला जायचे असेल तर हा अर्धा तास आधीच हिशेबात धरावा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात आणि नारिंगी दाणे हिरवट होतात. रंग बदलला की पुडीचे काम संपले, असे ओळखावे. पुष्कळ लोक तांदूळ वापरतात. त्याची पिठी कॅमेऱ्यात जाते, तेव्हा तांदूळ भातासाठीच ठेवावा.

समुद्राच्या वाऱ्यात बारीक खारट तुषार असतात. ते वाळले की मिठाचे कण भिंगावर उरतात आणि कोरड्या कापडाने घासले तर ओरखडे पडतात. म्हणून आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे, आणि शेवटी कोरडे करावे. हे रोज रात्री न चुकता करावे. किनाऱ्यावर भिंग बदलू नये, कारण वाळूचा एक कण आत गेला तरी पुरे होतो. मोबाइल पाण्यात टिकतो असे खोक्यावर लिहिलेले असते. ती परीक्षा गोड्या पाण्यातली असते. समुद्रात नेताना त्याला वेगळी जलरोधक पिशवी हवीच.

पाण्याखाली रंगांचेही एक गणित आहे. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. थोडे खोल गेले की तांबडा मासा मातकट दिसतो आणि सारे चित्र निळे-हिरवे होते. तेव्हा उथळ पाण्यात, वस्तूच्या जवळ जाऊन आणि ऊन डोक्यावर असताना चित्रे घ्यावीत. पांढऱ्या वाळूवर मात्र उलटा घोळ होतो. समोरचे सर्व मध्यम करड्या रंगाचे आहे असे कॅमेरा धरून चालतो, आणि शुभ्र वाळू काळवंडून टाकतो. म्हणून उजेडाचा आकडा अधिक एकवर न्यावा. मोबाइलवर पडद्याला बोट लावून सूर्याची खूण थोडी वर सरकवावी.

आता कॅमेरा कुठे मिटून ठेवायचा, ते सांगायला हवे. विमानतळ, नौदलाच्या जागा, बंदरे, येथे पाटी वाचावी आणि विचारावे. पण याहून महत्त्वाची जागा आहे ती बाराटांगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी तांड्याने सोडतात. वाटेत थांबायचे नाही, खायला द्यायचे नाही आणि छायाचित्र तर काढायचेच नाही. १९५६ सालच्या नियमावलीने या आदिम जमातींना संरक्षण दिले. २०१२ साली जानेवारीत पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, आणि त्याच वर्षी नियमावलीतली शिक्षा कडक झाली. बाहेरचे साधे आजारही त्यांना घातक ठरू शकतात. कायदा आहेच, पण एक विचार करा. आपल्या अंगणासमोरून रोज गाड्या जात आहेत आणि प्रत्येक खिडकीतून कोणी आपल्या लेकीसुनांकडे कॅमेरा रोखते आहे, हे आपल्याला चालेल काय? त्या रस्त्यावर कॅमेरा पिशवीच्या तळाशी असावा, आणि मुले बरोबर असतील तर का, ते त्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

गुरुजनांना एक विनंती. रोज रात्री चित्रांची दुसरी प्रत करून ठेवावी आणि वहीत ठिकाण, तारीख, वेळ टिपून ठेवावी. परतल्यावर शेकडो चित्रे दाखवीत बसू नये. वीसच निवडावीत. तुरुंगाची तीन, भरतीचे एक आणि त्याच जागेचे ओहोटीचे एक, सूर्यास्ताचे एक व त्याखाली घड्याळातली वेळ. मग सातवीच्या मुलांना विचारावे, की हा सूर्य आपल्याआधी का बुडाला? नकाशा आणि पाटी घेऊन मुले आपणच हिशेब करतील, आणि ज्यांना तिकडे जाता आले नाही त्यांच्याही पदरात त्या सहलीचे काही पडेल.