वाटेवरचे थांबे

प्रवासास निघालेला मनुष्य मुक्कामाचा विचार करतो, वाटेचा क्वचितच करतो. आपल्या आदिलाबादजवळून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. २०१० सालच्या नव्या क्रमांकांपूर्वी तो सात क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई आणि वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत धावे. आज तो श्रीनगरपासून कन्याकुमारीस पोहोचणारा, देशातील सर्वांत लांब महामार्ग आहे. आपल्यापैकी अनेकजण या रस्त्याने नागपूरला किंवा हैदराबादला गेले असतील. परंतु वाटेत काय पाहिले, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एखाद्या ढाब्यापलीकडे जात नाही. म्हणून रस्त्यावर थांबे कसे निर्माण होतात आणि ते नाहीसे का होतात, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

थांबा हा मुळात गरजेपोटी जन्मतो. बैलगाडीच्या काळी बैल थकत, त्यांना पाणी लागे. म्हणून विहीर, झाड आणि धर्मशाळा जेथे असे तेथे गाड्या सुटत. मोटार आली तरी तिलाही थांबावे लागे. नदी, घाट, फाटा आणि सीमा ही थांबण्याची चार मुख्य कारणे होत. आपल्या रस्त्यावर ही चारही कारणे थोड्याच अंतरात आढळतात.

दक्षिणेकडून येताना सोन गावाजवळ गोदावरी लागते. पुलावर गाडी येताच खिडकीतून हात बाहेर निघतो आणि नाणे पाण्यात पडते. पूर्वी नदी ओलांडणे हेच एक संकट होते. ते संकट पुलाने दूर केले, तरी नमस्कार मात्र राहिला.

पुढे निर्मल लागते. हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. ही कला नकाश कारागिरांची. 'पोणिकी' नावाच्या हलक्या, मऊ लाकडाचे लहान लहान तुकडे कोरून ते चिंचोक्यांच्या खळीने जोडतात. लाकडाचा भुसा त्याच खळीत कालवून सांधे भरतात, त्यावर पांढऱ्या मातीचा हात देतात आणि मग रंग चढवितात. रंगविलेले पेरू, सीताफळ किंवा हरीण पाहिले म्हणजे ते लाकडाचे आहे यावर विश्वास बसत नाही.

त्याच निर्मलमध्ये एक गंभीर आठवणही आहे. १८५७ च्या उठावाच्या पाठोपाठ रामजी गोंड यांच्या नेतृत्वाखाली गोंड व रोहिले इंग्रजांविरुद्ध उठले. १८६० साली ते पकडले गेले आणि त्यांना व त्यांच्या सुमारे हजार साथीदारांना एका वडाच्या झाडावर फाशी दिले, असे लोकपरंपरा सांगते. तेलुगूत त्या झाडास 'वेय्यि उरुल मर्री', म्हणजे हजार फासांचा वड, म्हणतात. तो वड आता उभा नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडी आहे.

निर्मल सोडले की महबूब घाट. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नावाचा हा घाट सागाच्या जंगलातून वळणे घेत चढतो. आमच्या लहानपणी घाट चढून आलेली मोटार इंजिन तापले म्हणून माथ्यावर उभी करीत. चालक पाणी आणी, आणि आम्ही मुले खाली उतरून दरीकडे पाहत राहू. ती दहा मिनिटे नसती, तर ते जंगल आम्ही कधीच पाहिले नसते.

घाटापुढे फाटे सुरू होतात. नेरडिगोंड्याहून सुमारे १२ किलोमीटरवर कडम नदीचा कुंतला धबधबा सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळतो. त्याच्या नावाचा संबंध लोक शकुंतलेशी जोडतात. गुडिहतनूरचा फाटा इंद्रवेल्लीकडे व केसलापूरच्या नागोबाकडे नेतो. पौष अमावास्येच्या जत्रेसाठी मेसराम कुळातील गोंड अनवाणी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. आपण ज्या अंतराला तास मोजतो, त्याला ते दिवस मोजतात. आदिलाबादच्या पुढे भोरजचा फाटा जैनथकडे वळतो. तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर प्राचीन असून जैनथ येथेच परमार राजा जगद्देव याच्या काळचा शिलालेख मिळाला आहे.

शेवटी पैनगंगा, म्हणजे सीमा. पुलापलीकडे पाट्यांवरची तेलुगू संपते व मराठी सुरू होते. परंतु ही रेघ जुनी नव्हे. १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. म्हणूनच आजही अनेकांचे मामा एका तीरावर आणि आत्या दुसऱ्या तीरावर असते. येथे मालमोटारींची रांग लागे, चहाची टपरी चाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके उठले आणि थांबण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले.

पुढे हिंगणघाटला ज्याची समाधी आहे, त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासेत त्याने भारताच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे काम ज्याने पुढे नेले, त्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास मिळाले. देशाचे अंतर मोजणारा मनुष्य आपल्याच वाटेवर विसावला आहे, हे किती प्रवाशांस ठाऊक असेल?

अमेरिकेत १९२६ साली शिकागोपासून प्रशांत महासागरापर्यंत जाणारा 'मार्ग ६६' अस्तित्वात आला. त्याची लांबी सुमारे ३,९०० किलोमीटर होती. तेथील दुकानदारांनी प्रवाशांस थांबविण्यासाठी चमत्कारिक गोष्टी उभारल्या. कोणी तंबूच्या आकाराच्या खोल्यांची खानावळ व निवास काढला. कॅटूसा गावी एकाने पत्नीसाठी तळ्याकाठी भला मोठा निळा देवमासा बांधला. पुढे तोच वाटसरूंचे आकर्षण झाला. टेक्सासमध्ये १९७४ साली दहा मोटारी नाकाडावर जमिनीत रोवल्या गेल्या. पुढे रुंद द्रुतमार्ग झाले, त्यांनी गावे बाजूस टाकली आणि १९८५ साली मार्ग ६६ अधिकृत नकाशावरून पुसला गेला. कित्येक गावे ओस पडली. जी टिकली, ती तेथील लोकांनी आपल्या थांब्यांची आठवण जाणूनबुजून जपली म्हणून.

आपल्याकडेही तेच घडत आहे. नवा चौपदरी रस्ता निर्मल व आदिलाबाद यांना वळसा घालून जातो. महबूब घाटही बाजूस राहिला. हे वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. रुग्णास लवकर पोहोचविणारा रस्ता चांगलाच. गावातून अवजड गाड्या जाईनाशा झाल्या की मुलांचे जीवही वाचतात. परंतु प्रवासी गावात उतरला नाही, तर खेळणे विकत कोण घेणार? आणि खेळणे विकले गेले नाही, तर कारागिराचा मुलगा पोणिकीचे लाकूड हाती का धरील?

विद्यार्थी मित्रहो, गरजेने निर्माण झालेला थांबा गरज सरली की मरतो. आवडीने जपलेला थांबा मात्र जगतो. पुढच्या प्रवासात एका फाट्यावर उतरा. तेथील वृद्धास त्या जागेची हकीकत विचारा आणि ती वहीत उतरवून ठेवा. मुक्कामास पोहोचायला अर्धा तास उशीर होईल. पण ज्या वाटेने आपण आलो, ती वाट आपल्या ओळखीची होईल.