तीन विद्यापीठे आणि एक मूल

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्या यादीत वाशीमचे नाव होते. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी जन्मास आलेल्या या जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यासाठी सव्वीस वर्षे वाट पाहावी लागली. त्यामुळे या घटनेचे स्वागत मनापासून झाले, यात नवल नाही. डॉक्टर मिळतील, खाटा मिळतील, रुग्णाला अकोल्याला किंवा नागपूरला हलविण्याची धावपळ कमी होईल, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु महाविद्यालय म्हणजे केवळ मोठे रुग्णालय नव्हे. ज्या भूमीवर ते उभे असते तेथील दुःखाची कारणे शोधणे हेही त्याचे काम असते. या दुसऱ्या कामाविषयी मात्र जिल्ह्यात फारशी चर्चा झालेली नाही. ती व्हावयास हवी, कारण ज्या वयात मुलाची वाढ घडते किंवा खुंटते ती वर्षे कोणासाठी थांबत नाहीत.

मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरचे सात वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणावे. ते वयाच्या मानाने ठेंगणे आहे. त्याच्या रक्तात लोह कमी आहे. घरात गोरबोली आणि शाळेत मराठी, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच पुस्तकाची भाषा त्याला परकी आहे. दुसरीत जाऊनही त्याला वाक्य वाचता येत नाही. घरी सोयाबीनचे पीक हातचे गेल्याने वडील अबोल झाले आहेत. मूलही वर्गात मागच्या बाजूला बसून अबोलच राहते. हे मूल आजारी आहे, अभ्यासात मागे आहे, की मनाने खचलेले आहे? आईला विचारले तर ती सांगेल की, पोराचे सगळेच बिघडले आहे. आईच्या दृष्टीने हे एकच दुखणे आहे. विद्येच्या व्यवस्थेत मात्र त्याचे तुकडे झालेले आहेत.

या मुलाच्या रक्ताचा विचार करणारे विद्यापीठ नाशिकला आहे. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षण त्याच्याकडे गेले. मुलाच्या वाचनाचा आणि मनाचा विचार करणारे शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र हे विषय अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाकडे आहेत. वडिलांच्या पिकाचा विचार अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ करते. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने काम करीत आहे आणि विशेषीकरणाचे लाभही नाकारता येणार नाहीत. तथापि तिघांच्याही कक्षा जेथे एकमेकींना छेदतात, नेमके त्याच ठिकाणी हे मूल उभे आहे.

जमैकाचा धडा

अशा मुलांचा एकत्रित विचार केल्यास काय हाती लागते, याचे उत्तर वेस्ट इंडीज विद्यापीठाने दिले आहे. जमैका हा काही धनाढ्य देश नव्हे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली. त्यांचे चार गट केले. एका गटाला पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवी. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंतून केलेली असत. तिसऱ्या गटाला आहार व खेळ दोन्ही मिळाले, आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. हा उपक्रम दोन वर्षे चालला.

संशोधकांनी नंतर या मुलांचा माग सोडला नाही, हे या कामाचे खरे मोल. वीस वर्षांनी, ती कमावती झाल्यावर, असे दिसून आले की ज्यांच्या घरी तो तासभराचा खेळ पोहोचला होता त्यांची मिळकत इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. केवळ आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक आढळला नाही. या निष्कर्षासाठी मोठी यंत्रसामग्री लागली नाही. बालरोगतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ यांना एकाच मुलाकडे पाहावेसे वाटले आणि विद्यापीठाने त्यांना वीस वर्षे पाहू दिले, एवढेच लागले.

वाशीमला हा धडा दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, तर सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. तीन वर्षांखालील मुलाला अंगणवाडीतून मुख्यतः मिळतो तो घरपोच आहार, म्हणजे पाकीट. खेळाचे आणि संवादाचे महत्त्व शासनाला पटलेले नाही, असे मात्र नव्हे. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘नवचेतना’ या नावाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. प्रश्न असा की, हा आराखडा रिसोडच्या किंवा मंगरूळपीरच्या खेड्यात उतरतो की नाही, अंगणवाडी सेविकेच्या कामाच्या ओझ्यात त्याला जागा होते की नाही आणि त्याने मुलात काही फरक पडतो की नाही, हे मोजणार कोण? ज्याने योजना आखली त्यानेच तिचे मोजमाप करावे, हे न्याय्यही नाही आणि शास्त्रीयही नाही. ते काम विद्यापीठाचे.

मनाचे मोजमाप

शरीराचे मोजमाप निदान होते तरी. मनाच्या बाबतीत तेही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशाचे मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले तेव्हा त्यासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि हे तेच राज्य, ज्याच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर करावे लागले होते. त्याआधी २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने उच्च न्यायालयाच्या आदेशावरून आणि पाठोपाठ इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने या आत्महत्यांचा अभ्यास केला. कर्ज, नापिकी, भाव, सिंचनाचा अभाव ही कारणे त्यांतून पुढे आली. हे दोन्ही अभ्यास मोलाचे होते. ते मुंबईच्या संस्थांनी केले, ज्यांच्या अंगणात हे घडत होते त्या विद्यापीठांनी नव्हे, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे.

आत्महत्येनंतर प्रशासन त्या प्रकरणाची ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ अशी नोंद करते, आणि त्यावर एक लाख रुपयांची मदत ठरते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता की नाही, हे त्यात पाहिले जाते. मदतीच्या वाटपासाठी काही निकष लागणारच. पण या निकषांतून माणसाच्या मनाचे ज्ञान मिळत नाही. मागे राहिलेल्या पत्नीची झोप, शाळेतून काढून कामाला लावलेला मुलगा, दहावीतच लग्न ठरलेली मुलगी यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

मार्ग नाही असे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गोव्याची ‘संगाथ’ आणि तिच्या सहकारी संस्थांनी ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणे, धीर देणे, गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे अशी त्याची रीत होती. प्रकल्पापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी अवघ्या ४.३ टक्के लोकांनी उपचार घेतले होते. दीड वर्षाच्या कामानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राज्य शासनाने २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करून आशा स्वयंसेविकांवर असेच काम सोपविले. आशाताईने विचारलेल्या प्रश्नाला शेतकरी खरे उत्तर देतो काय, हा पुन्हा संशोधनाचाच विषय.

कारण मनाचे मोजमाप भाषेतून होते. जगातील मानसशास्त्रीय संशोधनाचे ९६ टक्के नमुने अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतून घेतलेले असतात, हे २००८ ते २०१० या काळात अभ्यासकांनीच दाखवून दिले. त्या प्रश्नावल्यांचे शब्दशः भाषांतर करून त्या वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसापुढे ठेवल्या तर ‘जीव लागत नाही’, ‘डोक्याला घोर लागला’ यांचे गुण कसे द्यावयाचे? धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९४० पूर्वीच बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी व कन्नड मुलांवर पारखून तिला देशी रूप दिले होते. आज साधने कितीतरी अधिक असताना गोरबोली बोलणाऱ्या मुलासाठी अशी पारखलेली कसोटी सिद्ध करणे हे वाशीमच्या परिसरातील विद्यापीठाचे कर्तव्य नव्हे काय?

विसरलेला वारसा

एकत्र विचार करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर तयार केलेला अहवाल १९८१ साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने प्रसिद्ध केला. त्यामागे जे. पी. नाईक या कोल्हापूरच्या मातीतील शिक्षणतज्ज्ञाची प्रेरणा होती. आरोग्याचा प्रश्न दारिद्र्य, पोषण, स्वच्छता आणि शिक्षण यांपासून तोडून सुटणार नाही, हे त्या अहवालाचे सार होते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हाच विचार गावपातळीवर सिद्ध केला. ३९ गावांतील प्रशिक्षित महिलांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. हे काम विद्यापीठाबाहेर झाले. ते विद्यापीठात का होऊ शकले नाही, याचा शोध घेतला पाहिजे.

येथे प्राध्यापकांची बाजूही ऐकून घ्यावी लागेल. देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता, आणि त्यातून ग्रामीण महाविद्यालयापर्यंत झिरपणारा वाटा नगण्य असतो. रिक्त पदांमुळे एका अध्यापकावर दोघांचा भार पडतो. शिवाय २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांकन आणले आणि शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. संख्या मोजली की संख्या वाढते. शे-दोनशे विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटून सहा महिन्यांत निबंध होतो. दहा वर्षे एका गावाचा माग ठेवणाऱ्याला मधल्या काळात दाखविण्यासारखे काही नसते. दोष व्यक्तींपेक्षा या हिशेबाचा अधिक आहे.

तरीही या मर्यादांत करता येण्याजोगे बरेच आहे. शेतीच्या बाबतीत विद्यापीठ व शेत यांच्यामध्ये कृषी विज्ञान केंद्राचा दुवा आहे. रिसोड तालुक्यात करडा येथे असे केंद्र आहेच. आरोग्य, शिक्षण व मानसशास्त्र यांच्यासाठी असा एकत्रित दुवा वाशीममध्ये उभा करता येईल. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि अमरावती विद्यापीठाने मिळून सहा तालुक्यांतील काही गावे निवडावीत आणि तेथील बालकांचा जन्मापासून शाळा सुटेपर्यंत माग ठेवावा. पीएच.डी.साठी दोन विद्यापीठांतील दोन मार्गदर्शक एकाच विद्यार्थ्याला मिळण्याची सोय व्हावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो. तो सुटे अहवाल लिहिण्यात वाया न घालविता या गावांच्या नोंदींना जोडावा. आणि प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष सोप्या मराठीत, तांड्यावर गोरबोलीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखविणे बंधनकारक असावे.

ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समावेश झाल्यापासून वाशीमची आकडेवारी वारंवार गोळा होते. त्यातही आरोग्य-पोषण व शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार आहे. गावकरी उत्तरे देतात, अंगठे देतात, मुलांना वजनकाट्यावर उभे करतात. त्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे त्यांना सांगावयास सहसा कोणी परत येत नाही. ज्याचे दुःख ज्ञानाचा कच्चा माल ठरते, त्याला त्या ज्ञानाचा वाटा मिळाला पाहिजे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा उत्पादकाचा हक्क आहे.

अमरावतीच्या विद्यापीठाने ज्या संताचे नाव धारण केले आहे, त्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषध, गरिबांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत आणि निराशांना हिंमत ही तिन्ही कर्तव्ये एकाच यादीत सांगितलेली आहेत. बाबांनी त्यांची वेगवेगळी खाती केली नव्हती. विद्यापीठाच्या कारभारात खाती राहणारच. पण त्या खात्यांच्या प्रमुखांना वर्षातून काही वेळा एकाच अंगणवाडीच्या ओसरीवर बसविणे अशक्य नाही, आणि त्याची सुरुवात वाशीमपासून व्हावी.