जांभई एकाला, लागण वर्गाला

मधल्या सुट्टीतली खिचडी पोटात गेलेली असते, वर पत्रे तापलेले असतात आणि फळ्यावर भागाकार चाललेला असतो. अशा वेळी पहिल्या रांगेत कुणाला तरी जांभई येते. लगेच शेजाऱ्याला येते, मग मागच्या रांगेत पोचते, आणि खडू हातात धरलेल्या गुरुजींचीही सुटका नाही! पण उभं राहावं लागतं ते पहिल्यालाच. "लक्ष कुठंय तुझं? कंटाळा आला का रे?" आता त्याचा खरंच काही गुन्हा आहे का, ते पाहू.

जांभई आली की आजी तोंडासमोर चुटकी वाजवते ना? ही चाल फार जुनी बरं का. समर्थ रामदास आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातल्या जांब गावचे. (गाव जांब आणि विषय जांभई!) त्यांच्या दासबोधात झोपेवर एक अख्खा समास आहे, अठराव्या दशकातला नववा. जांभया देणारी, चुटक्या वाजवणारी, डुलक्या घेणारी माणसं त्यात अशी रंगवली आहेत की वाचताना हसू आवरत नाही. त्याच्याही कितीतरी आधी चरकसंहितेनं शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असं सांगितलं. त्यात भूक, तहान, शिंक यांच्या पंगतीला जांभईही आहे.

पण ती येते कशाला? "मेंदूला प्राणवायू कमी पडतो म्हणून," असं तुम्ही ऐकलं असेल. पुष्कळ मोठी माणसं अजून तेच सांगतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञांनी ते सरळ तपासून पाहिलं. १९८७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना त्यांनी कधी निव्वळ प्राणवायू दिला, तर कधी कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा. जांभया ना घटल्या, ना वाढल्या. शिवाय आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, हे सोनोग्राफीत दिसलं आहे. तिथं कुठली आलीय हवा?

जांभई साधारण सहा सेकंदांची. जबडा ताणला जातो, खोल श्वास आत जातो, डोक्याकडचं रक्त जोरात फिरतं. अँड्र्यू गॅलप नावाचे शास्त्रज्ञ म्हणतात, ही मेंदू थंड करायची युक्ती आहे, गाडीच्या रेडिएटरसारखी. त्यांनी अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभयांचे फोटो दाखवले. हिवाळ्यात, २२ अंश तापमान असताना, शंभरातल्या ४५ जणांना जांभई आली. उन्हाळ्यात ३७ अंशाला फक्त २४ जणांना. बाहेरची हवाच अंगाइतकी तापली, तर ती आत घेऊन थंडावा कुठून मिळणार? ही कल्पना सगळ्याच शास्त्रज्ञांना पटलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

मग एकाची दुसऱ्याला कशी लागते? पाहून लागते, ऐकून लागते, वाचूनसुद्धा. (आतापर्यंत किती आल्या? खरं सांगा!) समोरचा जे करतो ते नकळत आपणही करायचं, ही मेंदूची खोडच आहे. पण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही. अंगणवाडीतल्या भावंडासमोर देऊन बघा. कुत्र्यांना मात्र लागते! लंडनमध्ये २००८ साली २९ कुत्र्यांसमोर एका माणसानं जांभया दिल्या, तर २१ कुत्र्यांनी त्याला साथ दिली. पुढे २०११ साली इटलीच्या संशोधकांना असं आढळलं, की घरच्या माणसाची जांभई सर्वांत जास्त लागते, त्याखालोखाल मित्राची, आणि परक्याची सर्वांत कमी. म्हणून ज्याला लागत नाही त्याला माया नाही, असं मात्र म्हणू नका. पुष्कळ धडधाकट माणसांना ती लागतच नाही.

तेव्हा गुरुजनहो, पहिल्या रांगेतला तो पोरगा उद्धट नाही. बहुधा त्याचं शरीर जागं राहायची धडपड करतंय. आणि पालकांनो, सकाळी सकाळीच लेकरू जांभयांवर जांभया देत असेल तर रागावण्याआधी रात्री ते किती वाजता झोपलं ते आठवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते.

आता एक प्रयोग. जानेवारीतल्या दोन रविवारी आणि मे महिन्यातल्या दोन रविवारी, दुपारी ३ ते ४, ओसरीवर बसून घरातल्यांच्या जांभया मोजा. आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टूसॉनसारखं इथं होतं का ते कळेल. वहीत प्रत्येकाच्या नावाचा रकाना आखा. आजोबा झोपले असतील तर त्यांचा रकाना कोरा ठेवा.