पाय अधू राहतो तो नशिबाने नव्हे

आपल्या कोणत्याही वस्तीत सकाळी विहारासमोर उभे राहा. कामाला निघालेल्या माणसांत दोन-चार जण पाय ओढत चालताना दिसतील. कोणी सेंट्रिंगच्या फळीवरून पडलेला, कोणी पोत्यांच्या थप्पीखाली सापडलेला, कोणाला मोटारीने उडवलेले. विचारले तर एकच उत्तर मिळते, "काय करणार, नशिबात होतं." आमचा आक्षेप या उत्तरालाच आहे. पाय मोडणे हा अपघात असेल. पण मोडलेले हाड वाकडे जुळणे, जखमेतून वर्षानुवर्षे पू वाहणे आणि त्यापायी कमावता माणूस घरी बसणे हा अपघात नव्हे. ती या व्यवस्थेची करणी आहे आणि तिच्याशी भांडता येते.

बाबासाहेबांचाही पाय मोडला होता. साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले, तेव्हा महारवाड्यातील लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनवरचे टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार होते, पण महाराला बसवून स्वतः हाकायला तयार नव्हते. शेवटी ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही. ही हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. डॉक्टरच्या केसपेपरवर 'पडल्यामुळे हाड मोडले' एवढीच नोंद झाली असती. पण कायदेमंडळाचा सभासद असलेला बॅरिस्टर पडला तो जातीमुळे!

त्याच आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची कहाणी आहे. त्याचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकेना. त्या माउलीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या आणि नवऱ्याने बायकोच्या. बाई वाचली नाही.

आज थर्मामीटर असे तिसऱ्याच्या हातून फिरत नाही. आज गरीब माणूसच चिठ्ठी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतो. आमच्याकडे आलेल्या एका पक्षकाराचे उदाहरण सांगतो. स्लॅबच्या कामावर त्याच्या नडगीचे हाड मोडले. ठेकेदाराने एका खासगी दवाखान्यात प्लास्टर घालून दिले, हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि पोलिसांत न जाण्याची ताकीद दिली. दीड महिन्यात पैसे संपले. त्याने घरीच प्लास्टर कापले आणि काठी टेकत कामावर गेला. पाय सुजला, तेव्हा हाडवैद्याने मालिश करून बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधल्या. त्याने जखम चिघळली. सरकारी रुग्णालयात गेला तर एक्स-रे मशीन बंद. पुढच्या सोमवारी बोलावले, त्या सोमवारी डॉक्टर रजेवर. प्रत्येक फेरीला एस.टी.चे भाडे, त्याची मजुरी आणि सोबत येणाऱ्या बायकोचीही मजुरी बुडाली. अशी तीन वर्षे गेली. तो आमच्याकडे आला तेव्हा हाड जुळलेले नव्हते आणि जवळ एका जुन्या एक्स-रेशिवाय एकही कागद नव्हता. ठेकेदार म्हणाला, "हा माझ्याकडे कामाला कधी नव्हताच."

धम्मबांधवांनो, असा माणूस कायद्याने निराधार नाही. त्याला निराधार ठेवले जाते, कारण कायदा त्याच्यापर्यंत पोहोचू दिला जात नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

सरकारी दवाखान्याने उपचार करणे हे उपकार नव्हेत. १९९२ साली बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'सोय नाही, जागा नाही' म्हणून त्याला परत पाठवले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. एका मजुराच्या मागे संघटना उभी राहिली म्हणून हा निकाल सगळ्या देशाला मिळाला.

धर्मादाय रुग्णालयांची चकचकीत दारे पाहून आपली माणसे बाहेरूनच परततात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला घेऊन जा. नकार दिला तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला गाठा.

आता कागदांबद्दल. रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्याचे वैद्यकीय रेकॉर्ड दिले पाहिजे, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, सगळे एका पिशवीत ठेवा. केसपेपरवर अपघात कुठे व कोणाच्या कामावर झाला ते डॉक्टरला लिहायला सांगा. हे एक वाक्य नसेल तर पुढे मजुराच्या तोंडचा शब्द आणि ठेकेदाराच्या तोंडचा शब्द एवढेच उरते.

कामावर, कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती. आमच्या पक्षकाराची ती उलटून गेली होती. पुरेसे कारण दाखवून उशीर माफ करून घेण्याचा अर्ज आम्ही केला आहे. आज त्याच्यावर योजनेतून शस्त्रक्रिया झाली आहे, कुबडीवर का होईना तो उभा आहे. खटला मात्र सुरूच आहे.

व्यंग कायमचे राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्याखालील बहुतेक लाभांसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे, हे तिथल्या कारकुनाला ठणकावून सांगा.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेचे कलम ४७ सांगते. मशीन बंद आणि डॉक्टर रजेवर, या कारभाराचा जाब आमदारांना विचारलाच पाहिजे. पण आपल्या मंडळांनाही आम्ही विचारतो की, जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशातून विहारात चार कुबड्या, एक चाकाची खुर्ची आणि रुग्णासोबत जाणाऱ्या दोन शिकलेल्या तरुणांचा प्रवासखर्च निघणार नाही काय? दवाखान्यात एकटा गेलेला मजूर हाकलला जातो. सोबत अर्ज लिहिणारा कोणी असला की तेच कारकून खुर्ची देतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची तथागतांच्या पायाला लागली, तेव्हा वैद्य जीवकाने त्यांच्या पायाला मलमपट्टी केली, असे बौद्ध परंपरा सांगते. तथागतांनीही वैद्याचा उपचार घेतला. मग त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पायाचे दुखणे नशिबावर सोडून का बसावे? येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील पायाने अधू झालेल्यांची यादी करावी आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तुझे कागद कुठे आहेत? नसतील तर सोमवारी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे.

जयभीम!