स्तंभनामांतील अक्षरभेद आणि पीएचपीची फ्रेमवर्क्स

देवनागरी लिपीस लहान व मोठ्या अक्षरांचा भेद ठाऊक नाही. शिर्डीचे नाव वाक्याच्या आरंभी येवो वा मध्ये, त्यातील ‘शि’ तीच राहते. रोमन लिपीत मात्र त्याच नावाचे आद्याक्षर मोठे करावे लागते; आणि संगणकाच्या लेखी मोठे व लहान अक्षर ही दोन भिन्न चिन्हे होत. डेटाबेसमधील स्तंभांना रोमन लिपीत नावे देण्याची रूढी असल्यामुळे मराठी अभ्यासकास हा भेद प्रयत्नपूर्वक ध्यानी ठेवावा लागतो.

शिर्डीतील एखाद्या यात्रीनिवासाची नोंदवही कल्पावी. खोली आरक्षित आहे की नाही हे दर्शविणारा स्तंभ ‘रूम’ व ‘बुक्ड’ हे शब्द जोडून, दोहोंची आद्याक्षरे मोठी ठेवून, निर्माण केला. पोस्टग्रेस्क्यूएल अवतरणचिन्हांविना आलेले नाव लहान अक्षरांत उतरविते, तर ओरॅकल मोठ्या अक्षरांत. मायएसक्यूएल स्तंभनाम दिले तसे जपते, पण शोधताना अक्षरभेद मानीत नाही. पीएचपीची स्वतःची रीतही एकसूत्री नाही. तीत फंक्शन व क्लास यांच्या नावांत अक्षरभेद गौण आहे. व्हेरिएबल, प्रॉपर्टी आणि ॲरेची किल्ली यांच्या बाबतीत तो निर्णायक आहे.

आता हीच नोंदवही पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये असेल, तर स्तंभाचे नाव सर्वस्वी लहान अक्षरांत नोंदले गेलेले असते; प्रोग्राम मात्र मोठ्या आद्याक्षरांनी त्याची चौकशी करतो. साध्या ॲरेत पीएचपी 8 निदान इशारा तरी देते. लाराव्हेलचे एलोक्वंट मॉडेल मूळ मांडणीत काहीच न बोलता ‘नल’ हे शून्यमूल्य परत करते. अटीत ‘नल’ म्हणजे असत्य. सबब खोली रिकामी ठरते, आणि गुरुपौर्णिमेच्या गर्दीत एकच खोली दोन कुटुंबांच्या हाती जाते. चूक घडली, पण त्रुटीचा संदेश कोठेही उमटला नाही! 2022 पासून लाराव्हेलमध्ये अस्तित्वात नसलेल्या गुणनामाची चौकशी होताच प्रोग्राम थांबविण्याची सोय आहे. ती विकासकाळात तरी चालू ठेवावी.

लहान अक्षरे व शब्दांमध्ये अधोरेखा, ही लाराव्हेलमधील रूढी या दृष्टीने केवळ अभिरुचीची बाब नव्हे. असे नाव पोस्टग्रेस्क्यूएल व मायएसक्यूएल या दोहोंत अविकृत राहते. डॉक्ट्रिनमध्ये प्रॉपर्टीचे नाव उंटाच्या पाठीसारखे मध्येच उंचावणारे असते. त्याचे अधोरेखित रूप करणारी योजना निवडता येते. तेथेही अंकांपाशी अडखळ आहे. ‘ॲड्रेस’, 2 व ‘पिन’ (‘पिन’चे आद्याक्षर मोठे) अशा जोडनावात जुनी योजना 2 नंतर अधोरेखा घालीत नाही, अंकांची दखल घेणारी नवी योजना घालते. चालू प्रकल्पात योजना बदलली की स्तंभ सापडेनासा होतो.

पीडीओमध्ये सर्व किल्ल्या एकजात लहान करण्याचा पर्यायही आहे. तो सोपा दिसतो, परंतु जोडणीवरील प्रत्येक प्रश्नास लागू पडत असल्याने मिश्र अक्षरांवर विसंबलेला जुना भाग निकामी करतो. जुन्या तक्त्यांसाठी, डॉक्ट्रिनमध्ये तरी, प्रत्येक प्रॉपर्टीपुढे तिच्या स्तंभाचे नेमके नाव स्पष्ट लिहून ठेवणे अधिक श्रमाचे असले तरी अधिक निर्धोक होय.