पाठीवरचा चट्टा आणि किरणांची मोजणी

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. पाठीवर उजव्या बाजूला तळहाताएवढा लालसर चट्टा, थोडी खाज, थोडी जळजळ. मी गजकर्णाचे मलम लिहून दिले. आठ दिवसांनी ते परत आले, तेव्हा चट्टा काळसर पडला होता. नीट निरखून पाहिले, तर त्याच्या कडा सरळ, जणू पट्टीने आखलेल्या. गजकर्ण असे चौकोनी कधी येत नाही. मग विचारपूस केली. महिन्यापूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि ती बराच वेळ चालली होती. चट्टा क्ष-किरणांचा होता. चूक माझी, आधी विचारायला हवे होते.

अँजिओप्लास्टीत डॉक्टर क्ष-किरणांच्या साहाय्याने पडद्यावर पाहत नळी पुढे सरकवतात. किरण बहुधा टेबलाखालून येतात, म्हणून सर्वाधिक मात्रा पाठीच्या कातडीवर पडते. कातडीची मात्रा सुमारे २ ग्रे या मापापलीकडे गेली तर लाली येऊ शकते. छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा ही मात्रा हजारो पट आहे. साध्या एक्स-रेने असे होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा इजांबद्दल १९९४ सालीच डॉक्टरांना सावध केले होते.

ही मात्रा मोजतात कशी? एक्स-रे विभागातील कर्मचाऱ्याच्या छातीवर छोटा बिल्ला आपण पाहिला असेल. पूर्वी त्यात फोटोची फिल्म असे. किरण जितके जास्त, तितकी ती काळी पडे. आता आपल्याकडे त्या जागी टीएलडी बिल्ला असतो. पण तो कर्मचाऱ्यासाठी. रुग्णाच्या कातडीसाठी वेगळी फिल्म आहे. तिला अंधारखोली लागत नाही, धुवावी लागत नाही. किरण पडले की तिचा रंग आपोआप गडद होतो. ती रुग्णाच्या पाठीखाली ठेवतात आणि नंतर स्कॅनरवर वाचतात. ठरावीक मात्रा दिलेल्या नमुना-पट्ट्यांच्या रंगाशी ताडून मात्रा काढतात. किरण किती पडले हे तर कळतेच, पण नेमके कोठे एकवटले हेही दिसते. मात्र ही फिल्म प्रत्येक रुग्णाला लावत नाहीत, आणि तिचे उत्तर काम संपल्यावरच मिळते. म्हणून आधुनिक यंत्रावर चालू कामातच मात्रेचा अंदाज दिसतो.

वाचकहो, यावरून अँजिओप्लास्टीला घाबरू नका. ती जीव वाचवते, आणि बहुतेकांच्या कातडीला काहीच होत नाही. एवढेच करा:

• अशी प्रक्रिया पूर्वी झाली असेल तर पुढच्या वेळी तारखेसह सांगा. कागदपत्रे जपून ठेवा.

• प्रक्रिया लांबली असेल तर किरणांची मात्रा किती झाली, हे विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे.

• त्यानंतर काही आठवडे घरच्यांनी पाठ पाहावी. लाली, काळसरपणा किंवा फोड दिसल्यास चोळू नका, शेकू नका, मनाने मलम लावू नका. डॉक्टरांना दाखवा आणि अँजिओप्लास्टी झाल्याचे आपणहून सांगा.

त्या शेतकऱ्याची पाठ हळूहळू बरी झाली. जखम झाली नाही. आता पाठीवरचा चट्टा दिसला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘गेल्या दोन-तीन महिन्यांत हृदयाचे काही केलेत का?’’